दोनशे फुटांच्या आत

"अगं, हे काय आलंय बघ जरा. पोस्टमन सही घेऊन गेला माझी. कोर्टाबिर्टाचं नाही ना?"

काकूंनी कुंपणावरून पाकीट पुढे केलं. दुसऱ्या हातात नुकतीच उपटलेली मेथी, मुळांना माती तशीच. पाकिटावर सर्टिफाईड मेलची हिरवी चिठ्ठी. आत टाऊनशिपच्या झोनिंग बोर्डापुढच्या सुनावणीची नोटीस: ब्लॉक नंबर, लॉट नंबर आणि कुणालाही धडकी भरेल असं वकिली इंग्रजी. तसलंच एक पाकीट आमच्याकडेही सकाळी येऊन पडलं होतं.

"कोर्टाचं नाही हो काकू. आपल्या मागचं ते रिकामं ऑफिस आहे ना, तिथे शाळा येऊ घातलीय. स्पॅनिशची."

"स्पॅनिश शिकवणारी?"

"स्पॅनिशमधून शिकवणारी. गणित, विज्ञान, सगळंच. अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी. चार्टर शाळा आहे, म्हणजे फी नाही. पैसे सरकारी, पण कारभार आपल्या डिस्ट्रिक्टकडे नाही. सनद थेट राज्याकडून मिळते आणि मुलांची नावं लॉटरीनं निघतात."

"ते ठीक. पण पत्र मला का?"

"तुम्ही दोनशे फुटांच्या आत राहता म्हणून. न्यू जर्सीत नियम आहे. ऑफिससाठी राखलेल्या जागेत दुसरं काही करायचं तर आजूबाजूच्या दोनशे फुटांतल्या सगळ्या घरमालकांना सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी कळवावं लागतं. ज्याला हरकत घ्यायची त्याने जाऊन घ्यावी."

काकूंचे डोळे चमकले. डोंबिवलीच्या शाळेत त्यांनी आयुष्य काढलेलं, मुलाकडे आल्यापासून मत विचारणारं एकही पत्र आलं नव्हतं. पाकिटावर नाव मुलाचं होतं ही गोष्ट त्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवली.

"कोण काढतंय गं ही शाळा?"

आता इथे मला राहवलं नाही. कोपऱ्यावरच्या निळ्या दाराच्या घरातली बाई या मंडळींपैकीच एक, आणि आमच्या मुली एकाच सॉकर टीममध्ये. त्यामुळे मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून मी सगळं पुराण ऐकलेलं. ही चार-पाच पालक मंडळी. अभ्यासक्रम तयार, शिक्षक मिळण्यासारखे, सनदेचा अर्जही पुढे सरकलेला. अडलंय ते फक्त जागेवर.

"आधी म्हणे एक बंद पडलेली जिम पाहिली. उंच छत, मोकळी जागा, पण खिडकी औषधाला नाही. मग स्ट्रिप मॉलमधले तीन गाळे. भाडं परवडणारं होतं, पण शेजारी ड्रायक्लीनर."

"त्यात काय बिघडलं? मुलांचे गणवेश इस्त्री होऊन मिळाले असते."

"अहो, त्याची रसायनं! २००६ साली इथे दक्षिणेकडे ग्लॉस्टर काउंटीत एक पाळणाघर बंद करावं लागलं. इमारत पूर्वी थर्मामीटरच्या कारखान्याची, आणि हवेत पारा. कितीतरी मुलांच्या अंगात तो सापडला. त्यानंतर २००७ मध्ये कायदाच झाला. लहान मुलं बसवायची तर इमारतीत आधी काय होतं ते तपासून दाखवायचं, मगच परवानगी."

काकू गप्प झाल्या. मेथीची माती झटकत म्हणाल्या, "थर्मामीटरचा कारखाना. देवा!"

"आणि एका चर्चचं तळघर पाहिलं. खोल्या छान, पण सगळ्या जमिनीखाली. बालवर्ग आणि पहिली सरळ बाहेर पडता येईल अशा मजल्यावरच लागतात, आगीच्या भीतीनं."

"बरोबर आहे. ती पोरं जिन्यावरून उतरतात कुठे, घरंगळतात."

मागचं ऑफिस त्या मानानं सोन्यासारखं. एकमजली, मोठ्या खिडक्या, गाड्यांना पैस जागा. करोनापासून ओस पडलंय. रूट वनच्या कडेला अशी ऑफिसं किती पडून आहेत ते आपण येता-जाता बघतोच. पण आत शिरलं की खरी गंमत, असं निळ्या दारवाली सांगत होती. छताला त्या पांढऱ्या चौकोनी फरश्या, खाली करडा गालिचा, क्युबिकल काढल्याच्या खुणा जमिनीवर तशाच. आणि स्वच्छतागृहं दोनच, तीही पार टोकाला, उंच बेसिनची.

"म्हणजे बालवर्गाचं पोर तिथे पोचेपर्यंत..." काकूंनी वाक्य पुरं केलं नाही. अनुभव बोलत होता.

"तेच. नवे नळ, नवी गटारजोडणी, स्प्रिंकलर, शाळेच्या दर्जाचा फायर अलार्म. ऑफिसची शाळा करायची म्हणजे कोडच बदलतो सगळा."

"मग बांधत का नाहीत सरळ नवी इमारत?"

"कायद्यात बसत नाही. आपल्या राज्याचा चार्टर कायदा १९९५ चा. त्यात लिहिलंय की फेडरल सरकारचे सोडून बाकी सार्वजनिक पैसे वापरून चार्टर शाळेनं इमारत बांधायची नाही. आणि डिस्ट्रिक्ट एका मुलावर जो खर्च करतं त्याच्या नव्वद टक्के यांना मिळणार, तेही ठरावीक खात्यांतले. त्यातच शिक्षकांचे पगार, त्यातच भाडं. वॉशिंग्टन डीसीत दर मुलामागे इमारतीसाठी वेगळी रक्कम मिळते. इथे नन्नाचा पाढा."

"आणि भाड्याचं तरी पक्कं झालंय का?"

"कसलं! घरमालक म्हणतो, आधी करारावर सही करा. हे म्हणतात, आधी झोनिंगची परवानगी येऊ दे. आणि राज्य अंतिम सनद देणार ती इमारत तयार दिसल्यावर."

"लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना," काकू म्हणाल्या आणि स्वतःवरच खूश झाल्या.

मग मी त्यांना प्रिन्स्टनची गोष्ट सांगितली. आपल्या भागात पंधरा-वीस वर्षं काढलेल्यांना ती आठवत असेल. चिनी भाषेतून शिकवणारी चार्टर शाळा निघणार होती, प्रिन्स्टन इंटरनॅशनल अकॅडमी नावाची. २०१० मध्ये राज्यानं हिरवा कंदील दाखवला. प्रिन्स्टन, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो आणि साऊथ ब्रन्सविक, अशा तीन डिस्ट्रिक्टमधली मुलं घ्यायची होती. जागा बघितली प्लेन्सबरोतली, मेपलटन रोडवरची सेंट जोसेफ्स सेमिनरी.

"म्हणजे पाद्री शिकायचे ती?"

"तीच. शाळेसाठी याहून चांगली जागा कुठली मिळणार? पण झोनिंगमध्ये अडकली. तिन्ही डिस्ट्रिक्ट विरोधात, कारण मूल तिकडे गेलं की पैसे त्याच्या मागोमाग जाणार. वकील आले. करदात्यांचे पैसे या वकिलांवर का उधळता म्हणून शाळेनं उलट तक्रार केली. ठरलेला सप्टेंबर गेला, पुढचाही गेला. मग साऊथ ब्रन्सविकमध्ये गोदामवजा इमारत शोधली. तिथल्या झोनिंग बोर्डानंही नाही म्हटलं. शेवटी २०१२ मध्ये राज्यानं अंतिम सनद दिलीच नाही. एकही वर्ग न भरता शाळा संपली."

"आणि ती सेमिनरी?"

"तिथे नंतर अमेरिकन बॉयकॉयर स्कूल गेलं. खासगी, फी भरून जायची शाळा."

काकूंनी 'हं' असा लांबलचक सूर काढला.

माझं स्वतःचं मत म्हणाल तर या सगळ्यात भाषेला कुणी हातही लावत नाही, आणि तेच मला खटकतं. सुनावणीत उभं राहून 'मला चिनी नको' किंवा 'स्पॅनिश नको' असं कोण म्हणेल? 'डिस्ट्रिक्टचे पैसे जातात' हेही तिथे बोलून उपयोग नाही, तो बोर्डाचा विषयच नव्हे. मग उरतं काय? ट्रॅफिक. ज्याच्या मनात जे असेल ते ट्रॅफिक या एका शब्दात कोंबायचं. सकाळी आठ वाजता गाड्यांची रांग कुठवर येईल, डावीकडे वळायला किती वेळ लागेल, कचऱ्याचा ट्रक कधी येणार. अर्जदारांचा ट्रॅफिक इंजिनीअर नकाशा लावून शपथेवर साक्ष देणार, शेजारी त्याची उलटतपासणी घेणार, रात्रीचे दहा वाजले की पुढची तारीख. जमिनीचा वापर बदलायचा तर सातातली पाच मतं लागतात, साधं बहुमत चालत नाही. शाळा ही मुळातच समाजोपयोगी गोष्ट मानून कोर्टांनी तिला थोडी सवलत दिलीय, हे खरं. पण ती सवलत पदरात पडेपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि पालक मुलांची नावं दुसरीकडे घालून मोकळे होतात.

"तुझे हे काय म्हणतात?"

"विरोधात! काल रात्री जेवताना भाषणच झालं. घराची किंमत पडेल, मागे सकाळ-संध्याकाळ हॉर्न, उन्हाळ्यात डेकवर बसायची सोय नाही. मी विचारलं, रविवारी आपल्या मराठी शाळेच्या गाड्या कुठे लागतात? चर्चचं पार्किंग भरलं की शेजारच्या गल्लीत, लोकांच्या घरांसमोरच ना? तर म्हणाले, ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"आठवड्यातून एकदाच असतं म्हणून."

काकू खुदकन हसल्या. त्या स्वतः दर रविवारी तिथे छोट्यांचा वर्ग घेतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम, भारती विद्यापीठाची परीक्षा, सगळं रीतसर. फक्त खोली आपली नाही. येताना मुळाक्षरांचे तक्ते गुंडाळून आणायचे, निळ्या टेपनं चिकटवायचे, दीड तासानं भिंतीचा रंग न निघेल अशा बेतानं काढायचे. मागच्या महिन्यात 'ज्ञ' फाटला, तो अजून तसाच आहे.

"मला त्या स्पॅनिशवाल्यांचं पटतं," काकू म्हणाल्या. "मुलाला भाषेत बुडवायचं तर भिंत आपली पाहिजे. दारावर दार लिहिलेलं, खिडकीवर खिडकी, आणि ते सोमवारीही तिथेच असायला हवं. रोज पुसून गेलं तर पोरांना वाटतं, ही भाषा पाहुणी आहे, खरी ती दुसरी."

"होबोकनला आहे तशी एक. होला नावाची. २०१० लाच सुरू झाली, त्याच प्रिन्स्टनवाल्यांच्या वर्षी. मुलांच्या क्लबच्या इमारतीत भरते. तिच्यामागेही डिस्ट्रिक्ट कोर्टात गेलं होतं, वर्ग वाढवू नयेत म्हणून. पण ती टिकली."

"आणि इस्ट ब्रन्सविकला हिब्रूची आहे ना? आमच्या बुक क्लबमधली एक सांगत होती."

"आहे, हतिक्वा. तीही २०१० चीच."

"मग चिनीचंच घोडं कुठे पेंड खातं?"

याचं उत्तर मी देणार इतक्यात त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि काकूंच्या मुलानं आतून हाक मारली: "आई, ते टाऊनशिपचं पत्र कुठेय? मी सहीचा कागद करतोय, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात." 'मेथी निवडतेय' असं न विचारलेलं उत्तर देऊन काकूंनी पाकीट पटकन पदराखाली सारलं.

"म्हणजे तुमच्याकडेही विरोध?" मी हळूच विचारलं.

"तो आहे विरोधात. मला म्हणाला, आई, तू सुनावणीला चल, म्हातारी माणसं बघून बोर्ड विरघळतं. आवाजाचा त्रास होतो असं सांग, मी भाषांतर करतो."

"आणि तुम्ही जाणार?"

"जाणार तर! इतकी माणसं एका ठिकाणी जमणार आणि मी घरी बसू?" काकू कुंपणावर आणखी वाकल्या. "पण तू कुणाला बोलू नकोस हं. धाकट्या नातवाचं नाव त्या लॉटरीत घातलंय सूनबाईनं. निळ्या दारवालीच फॉर्म देऊन गेली. मुलाला अजून पत्ता नाही."

"अहो काकू, मग आवाजाच्या त्रासाचं काय सांगणार तुम्ही?"

"सांगेन की, त्रास होतो. घरात दिवसभर होतो. सकाळी आठ ते तीन शाळेत राहिला तर जरा कमी होईल."

एवढं म्हणून त्यांनी अर्धी मेथी माझ्या हातात कोंबली आणि बाकीची घेऊन, "आले रे, आले," करत त्या आत गेल्या.