हिशेब पाण्याचा, चावी आपली

महामहिम इमॉर्टन जो,
मुक्काम सिटाडेल, वाळवंट.

स. न. वि. वि.

जॉर्ज मिलरच्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ या सिनेमात २०१५ साली सिटाडेलचे सर्वेसर्वा म्हणून आपले दर्शन घडले, तेव्हापासून आपल्या चाहत्यांशी वाद घालून घसा कोरडा पडला आहे. त्यांचे पालुपद एकच : जग बुडाले, कायदा गेला; अशा वेळी कडक माणूसच लोकांना जगवतो. म्हटले, थेट आपल्यालाच विचारावे.

आपल्या काटकसरीला तोड नाही. खडकाखालचे पाणी पंपाने वर खेचायचे, कड्यावरून धो धो लोटायचे आणि खालच्यांची भांडी भरतात न भरतात तोच बंद करायचे. वर उपदेश, की पाण्याची चटक बरी नव्हे! एवढ्या उंचीवरून ओतलेले पाणी बरेचसे वाळूत जिरते, हे आपल्यासारख्या चतुर प्रशासकाला कळत नसेल असे कसे म्हणू? खाली चार साधे नळ बसवले असते तरी भागले असते. पण मग माना वर करून आपल्याकडे पाहिले कोणी असते? कड्याच्या माथ्यावर आपली शेती हिरवीगार डुलते, तिला अर्थात ही चटक माफ आहे.

२०२४च्या ‘फ्युरिओसा’ या सिनेमात तर आपल्याला फुकटचा वकील मिळाला. टोळीवाल्या डिमेंटसने हाती आलेल्या गॅस टाउन या तेलनगरीची अशी वाट लावली, की त्याच्या शेजारी आपण कर्तव्यदक्ष जिल्हाधिकारी शोभता. आपल्याहून नालायक माणूस शेजारी असणे, हे केवढे भाग्य!

तरी आपली नीती खरी उघडी पडली ती आपल्या पाच बायका निसटल्या तेव्हा. धडधाकट वारस हवा म्हणून आपण त्यांना तिजोरीत कोंडले होते. आपलीच सरदार फ्युरिओसा त्यांना घेऊन निघाली आणि थेंबाथेंबाला जपणाऱ्या महामहिमांनी अख्खी फौज रस्त्यावर ओतली. आपल्या आजारी सैनिकांना, वॉर बॉइजना, मेल्यावर वल्हाला नावाच्या स्वर्गाचे आमिष होतेच. तेल आणि दारूगोळ्याची तर होळी. पीपल ईटर बिचारा धावत्या गाडीत नुकसानीची यादी वाचत होता. घरच्या भांडणापायी हा सगळा खटाटोप, म्हणून बुलेट फार्मरही वैतागला. आपलेच भागीदार ते, माझे नव्हेत. खाली तहानेने एखादे पोर गेले असते, तर त्याच्यासाठी एक तरी गाडी सुटली असती का, जो साहेब? टंचाईचे सगळे नियम खालच्यांनाच होते तर.

शेवटी आपला देह परत आला, आणि ज्यांचे दूध काढून आपण व्यापार केलात त्याच बायांनी पाणी सोडले. पुढे पाण्याची पातळी किती उतरली, हे सिनेमा सांगत नाही. आपले चाहते हे मला हटकून ऐकवतात. उतरली असेलही. मग त्या बाया पाळ्या लावतील, भांडतील, पुन्हा पाळ्या लावतील. त्यासाठी आपल्यासारखा मुखवटा लागत नाही आणि तिजोरीही नाही.

कळावे,
रांगेतला एक