पाडापाडीचं वेळापत्रक

किनाऱ्यावरच्या बांधकामाला मंजुरी देताना सरकार पानंच्या पानं अटी घालतं. खारफुटीला हात लावू नका, सांडपाणी असंतसं सोडू नका. त्या पाळल्या जातात का, याचा अहवाल वर्षातून दोनदा द्यायचा. कोणी, तर बिल्डरनेच! परीक्षार्थ्याने आपलीच उत्तरपत्रिका तपासावी, इतका हा विश्वास.

मुंबईत कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीने ही कटकटच ठेवली नाही. किनारा नियमांखालची मंजुरीच नव्हती, असं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने म्हटलं. मंजुरी नाही, मग अटी कसल्या मोडणार? लष्कराच्या शेजारात 31 मजले चढले, पण दुर्बिणी बहुधा समुद्राकडे लागलेल्या असाव्यात. 2010 मध्ये याच प्रकरणापायी मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली. जानेवारी 2011 मध्ये मंत्रालय म्हणालं, तीन महिन्यांत पाडा. एप्रिल 2016 मध्ये उच्च न्यायालयही म्हणालं, पाडा. जुलैत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. एवढ्या पडझडीत इमारत तेवढी शाबूत राहिली.

केरळला हे धीराचं काम जमलं नाही. कोचीच्या मरडूत किनारा नियम मोडून उभे राहिलेले बॅकवॉटरकाठचे चार गृहप्रकल्प 11 आणि 12 जानेवारी 2020 रोजी स्फोटकं लावून काही सेकंदांत भुईसपाट केले. पाहायला ही गर्दी! त्यांचे बांधकाम परवाने पंचायतीनेच दिले होते, म्हणजे कागद होते, शिक्के होते, सह्याही होत्या. बेघर मात्र झाले ते पैसे मोजून फ्लॅट घेणारे.