बेलिफकाका

आमच्या सोसायटीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारी पोरं आहेत, पण ‘हा जुना प्रोग्रॅम काही केल्या निघत नाही’ अशी तक्रार नेली की त्यांचं एकच उत्तर असतं, फॉरमॅट मारू. हा शब्द ऐकला की काकांच्या डोक्यात तिडीक जाते. “एका भाडेकरूपायी अख्खी चाळ पाडायची?” असं म्हणत ते चपला घालतात.

काका मुंबईच्या लघुवाद न्यायालयात बेलिफ होते. कोर्टाचं वॉरंट घेऊन जायचं आणि खोलीचा ताबा मालकाला मिळवून द्यायचा, ही नोकरी. आजोबांनी लावलेल्या दाव्याचा निकाल नातवाच्या हाती पडतो, आणि तोवर भाडेकरूचाही नातू खोलीत नांदत असतो, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. निवृत्तीनंतर मुलाने आपला जुना लॅपटॉप त्यांच्या गळ्यात मारला. त्यात मुदत संपलेला एक अँटिव्हायरस रोज सकाळी ‘तुम्ही धोक्यात आहात’ म्हणून दम द्यायचा. काकांनी त्याला बाहेर काढलं आणि निवृत्त माणसाला आयुष्याचं ध्येय गवसलं.

ते येतात तेव्हा हातात लांबट वही, पेन्सिल आणि दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह असतो. खुर्चीत टेकल्यावर आधी जबानी. प्रोग्रॅमचं नाव काय, कधीपासून आहे, कोणी आणला? तिसऱ्या प्रश्नाला प्रत्येक घरात शांतता पसरते. वरच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, “आपोआप आला हो काका.” काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपोआप कोणी येत नाही, सूनबाई. फुकटचा व्हिडिओ प्लेअर कोणीतरी उतरवला, त्यात आधीच टिकमार्क केलेली चौकट होती, आणि न वाचता नेक्स्ट-नेक्स्ट दाबलं गेलं. त्या प्लेअरच्या मागून हा टूलबार शिरला.” वहिनींचे चिरंजीव तेवढ्यात पाणी प्यायला आत गेले.

डेस्कटॉपवरचं चित्र डिलीट केलं म्हणजे प्रोग्रॅम गेला, असं समजणाऱ्यांची त्यांना कीव येते. दारावरची पाटी काढल्याने खोली रिकामी होत नाही, हे त्यांनी उभ्या सोसायटीला ऐकवलंय. त्यांची रीत ठरलेली आहे. आधी कंट्रोल पॅनेलमधून रीतसर नोटीस. तिथे काही प्रोग्रॅम ‘खरंच काढायचं?’ म्हणून गळा काढतात, काही का काढताय याची प्रश्नावली पुढे करतात, काही जाता जाता सवलत देऊ करतात. काका प्रत्येक खिडकी मोठ्याने वाचतात, कारण हे लोक नाही म्हणायचं बटण मुद्दाम फिकट रंगात ठेवतात.

खरा रंग भरतो तो प्रोग्रॅमच कागदपत्रं मागू लागतो तेव्हा. एका घरी प्रिंटरचं जुनं सॉफ्टवेअर काढताना पडद्यावर आलं की आधी मूळ इन्स्टॉलेशनची फाइल दाखवा, ज्या सीडीवरून ती आली ती सीडी घाला. सीडी कधीच हरवलेली, प्रिंटर भंगारात गेलेला, आणि लॅपटॉपला सीडीचा खणच नाही. काका खुर्चीत मागे रेलले. “बघा, जायला सांगितलं तर मूळ करारपत्र मागतोय. अस्सल पागडीवाला!” त्यांच्या तोंडावर असा आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून बंद केले तरी लगेच पुन्हा हजर होतात, कारण मागे त्यांची सर्व्हिस पहाऱ्याला असते. मग काका शिफ्ट दाबून रीस्टार्ट करतात आणि सेफ मोडमध्ये शिरतात. तिथे विंडोज आपल्यापुरतं आवश्यक तेवढंच जागं ठेवते. तेवढ्यात फोल्डर गाठायचा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये नसला तर लपवलेल्या अ‍ॅपडेटात. शेवटी रजिस्ट्री. खोली रिकामी झाली तरी भाडेपावतीवर नाव राहतं ते इथे. काका आधी रजिस्ट्रीची नक्कल पेनड्राइव्हवर घेतात, मग एफ थ्री दाबत एकेक नोंद शोधतात. घरातली माणसं तोवर जेवून घेतात.

अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा आधार काढला आणि तो काढून टाका असं स्वतःच लोकांना सांगितलं. घरमालकच नोटीस देतोय, हे पाहून काका खूश होते. इंटरनेट एक्सप्लोररने मात्र त्यांना चकवलं. जून २०२२ मध्ये त्याला निवृत्त केलं म्हणतात, पण एजच्या पोटात आयई मोड म्हणून तो नांदतोच आहे. त्याचं नाव वहीत ‘पोटभाडेकरू’ या सदराखाली आहे.

काकांना एकदाच ताबा परत द्यावा लागला. सेक्रेटरींच्या सांगण्यावरून त्यांनी ऑफिसातलं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर मुळासकट उपटलं. दुसऱ्या दिवशी साऱ्या वार्षिक सभांची इतिवृत्तं इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांनी भरून गेली. युनिकोडच्या आधीचे ते फॉन्ट मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी उघडी पडते. एका सभासदाने इतिवृत्त वाचून ‘पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे’ असा शेरा मारला. काकांकडे फॉन्टची नक्कल होतीच, ती त्यांनी पुन्हा घातली, पण जखम राहिली. आता ते रोज दुपारी कन्व्हर्टर लावून दोन-चार पानं युनिकोडमध्ये आणतात. कन्व्हर्टर जोडाक्षरांत घोटाळा करतो, म्हणून प्रत्येक ओळ स्वतः तपासतात. शेवटचं पान झालं की त्या फॉन्टला पुन्हा नोटीस जाणार आहे.

तुमच्याकडे असा कोणी ठाण मांडून बसला असेल तर काकांना जरूर बोलवा. फी म्हणजे बिनसाखरेचा चहा. कामाच्या फायली आधी वेगळ्या काढून ठेवा, पासवर्ड आठवून ठेवा, आणि काका बसलेले असताना माउसला हात लावू नका.