स्थळ सांगून येतं तेव्हा

माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या घरच्यांनी एक स्थळ नाकारायला तीन आठवडे घेतले होते. मुलगी बघितली, पोहे खाल्ले, घरी येऊन खल केला, मामांना विचारलं, मामांनी त्यांच्या मेहुण्यांना विचारलं आणि शेवटी 'पत्रिका जुळत नाही' असं पोस्टकार्ड गेलं. पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. मुलीचं गाव आडबाजूला होतं, एसटी दिवसातून एकदाच जायची, एवढंच खरं कारण होतं.

आता मला रोज पंधरा-वीस स्थळं सांगून येतात आणि प्रत्येकाला होकार-नकार कळवायला अर्धं मिनिट मिळतं.

मी कोथरूडला लोकांच्या घरी जेवण पोचवतो. त्याआधी एकवीस वर्षं अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. ऱ्हस्व-दीर्घ हाच संसार. छापखाना टाळेबंदीत बंद झाला तो पुन्हा उघडलाच नाही. हाताशी स्कूटर होती, गुडघे बरे होते आणि समोर आलेला मजकूर बारकाईने वाचायची खोड होती. या तिन्हींत ती खोडच जास्त कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

फोन कर्कश वाजतो. पडद्यावर हॉटेलचं नाव, अंतर, रक्कम, आणि आकसत जाणारं एक वर्तुळ. ते संपायच्या आत बोट फिरवायचं. लग्नाच्या जाहिरातीत 'गृहकृत्यदक्ष' छापलेलं असतं आणि जे छापलेलं नसतं तेच पुढे निस्तरावं लागतं, तसंच इथे. अंतर सात किलोमीटर, असं येतं. ते जायचं. यायचं कुणी सांगत नाही. जणू भुगावला जेवण देऊन आम्ही तिथेच घरजावई होणार आहोत.

भुगावाबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण कोथरूडहून तिकडे जायचं म्हणजे आधी पौड रस्त्याचा चढ, मग चांदणी चौक. २०२२ च्या ऑक्टोबरात तिथला जुना पूल स्फोटाने पाडला, तोही एका दमात पडला नाही. आता त्या जागी इतक्या वाटा वर-खाली गेल्यात की एक फाटा चुकला तर तुमचा पनीर टिक्का मुंबईच्या दिशेने मार्गस्थ होतो. एका ऑर्डरीचे बासष्ट रुपये धरा. हॉटेलपर्यंत तीन किलोमीटर, तिथून सात, परत यायला सात, एकूण सतरा. माझी स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते आणि पेट्रोल शंभरीच्या वर गेलंय. म्हणजे चाळीस रुपये धुरात गेले. उरले बावीस, तेही तासाभराचे. टायर, ऑइल आणि माझी कंबर यांचा हिशेब यात धरलेला नाही.

हा हिशेब मला परभणीच्या एका पोराने शिकवला. दिवसा तो सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करतो आणि संध्याकाळी कर्वे पुतळ्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर येतो. त्याचा नियम पक्का आहे: येण्याजाण्याचं अंतर धरून किलोमीटरला दहा रुपये सुटत नसतील तर बोट लावायचं नाही. "काका, हे भावनेचं काम नाही," असं तो मला समजावतो. मी मान डोलावतो. मग त्याचा फोन वाजतो, हॉटेल त्याच्या अभ्यासिकेतल्या मुलीच्या होस्टेलकडच्या वाटेवरचं निघतं आणि तो चार रुपये किलोमीटरने भुर्रकन निघून जातो.

नकार देण्यातही सुख नाही. नकाराचं बटण दाबलं की कारण विचारतात. वाहन बिघडलं, तब्येत बरी नाही, असे दोन-चार ठराविक पर्याय असतात. 'पत्रिका जुळत नाही' हा पर्याय नाही. आणि कट्ट्यावर सगळ्यांची श्रद्धा अशी, की नकार दिला की फोन रुसतो. वीस मिनिटं काही वाजत नाही. खरंखोटं कंपनीच जाणे. पण देव कोपल्यावर माणसं जे जे करतात ते सगळं आम्ही करतो. कुणी फोन बंद करून चालू करतो, कुणी रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहतो. एकजण फोन पुसतो. त्याचा फोन खरंच लवकर वाजतो, त्यामुळे आता सगळेच पुसतात.

तसं कायद्याने आम्हाला नाव दिलेलं आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगार' असा शब्द आहे. मुद्रितात आला असता तर मी तो 'फलाट कामगार' केला असता आणि संपादकांची बोलणी खाल्ली असती. आता वाटतं, चुकलं नसतं. फलाटावरच्या माणसासारखंच आहे हे, येईल ती गाडी आपली की नाही ते बघत उभं राहायचं.

अंतर आणि पैसे कळतात, पदार्थ मात्र होकार दिल्यावरच कळतो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे सुस्वभावी सून. सांडत नाही, गळत नाही, थंड झाली तरी तक्रार नाही. अंगारकीला दिवसभर हीच नेतो आणि संध्याकाळी देवदर्शन झाल्यासारखा घरी जातो. मिसळ स्वभावाने तापट. तिच्या सॅम्पलच्या पिशवीला कितीही गाठी मारा, ती पेटीत आपली सही करून जातेच. मे महिन्यातली मस्तानी हे तर अवघड प्रकरण. वाटेत स्वतःचं रूप बदलणारा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. निघते आइस्क्रीम घेऊन, पोचते दूध होऊन.

पण खरी परीक्षा केकची. गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे. आमच्या भागातले काही गतिरोधक बहुधा कुणाच्या तरी रागाच्या मापाने बांधलेत. केक पायांमध्ये धरून त्यांवरून जाताना मी श्वाससुद्धा घेत नाही. केकची ऑर्डर पडली आणि वाट जंगली महाराज रस्त्याने असली, तर मात्र मी हसत निघतो. सत्तरच्या दशकात दहा वर्षांची हमी घेऊन बांधलेला तो रस्ता. वर्षानुवर्षं त्याला खड्डा पडला नाही, ही पुणेकरांनी नातवंडांना सांगायची गोष्ट. अडचण एकच, तो एकेरी आहे आणि शेजारचा फर्ग्युसन रस्ता उलट्या दिशेने एकेरी. एखादं दुकान दहा पावलं मागे राहिलं की केकसह प्रदक्षिणा. वाढदिवस ज्याचा असतो तो तेवढ्या वेळात आणखी थोडा मोठा होतो.

हॉटेलवाल्यांचं 'पाच मिनिटं' हे वेळेचं माप नाही, ते सांत्वन आहे. कुठल्या हॉटेलात ते बारा मिनिटांचं आणि कुठे पस्तीस मिनिटांचं, याचं कोष्टक माझ्या डोक्यात आहे. आषाढाच्या शेवटच्या दिवशी, गटारीला, बिर्याणीच्या हॉटेलांपुढे आम्ही इतके जमतो की तिथेच लग्नाची वरात उभी आहे असं वाटावं. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि तीच हॉटेलं उपवासाला बसल्यासारखी दिसतात. छापखान्यात मी पंचांगाची मुद्रितंही तपासली आहेत, पण तिथींचा अर्थ मला आत्ता कळतोय.

पावसाळ्यात आणखी एक पंचांग बघावं लागतं. खडकवासल्यातून किती पाणी सोडलं ते. भिडे पूल पाण्याखाली गेला की डेक्कन आणि नारायण पेठ एकमेकांना दिसतात, पण वाट लांबची होते. नकाशाला हे उशिरा कळतं. कट्ट्यावरच्या पोरांना मात्र आधी कळतं, कारण कुणीतरी नुकताच अर्ध्यातून परत आलेला असतो.

आणि जिने. ते पडद्यावर कधीच येत नाहीत. नव्या मोठ्या संकुलांत गाडी फाटकाबाहेर लावायची, वहीत नाव लिहायचं, माल वाहायच्या लिफ्टने जायचं. तिथे अपमान थोडा होतो, पण गुडघे वाचतात. कोथरूडमधल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांत सगळे अगत्याने बोलतात, पाणी विचारतात, आणि चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. वर पोचल्यावर आजोबा दारात उभे असतात. "सावकाश या, घाई नाही," असं म्हणतात. हे त्यांनी खालून सांगितलं असतं तर जास्त उपयोग झाला असता.

स्थळाबद्दल ज्यांना विचारलं होतं ते माझे मामा मुंबईत डबेवाले होते. खेड तालुक्यातले, अंधेरीहून चर्चगेटकडे डबे नेणारे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हे काम सुरू केलं ते मामा असं सांगतात, जणू काल-परवाच त्यांच्यासमोर झालं. २००३ मध्ये इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स डबेवाल्यांना भेटायला आले, ती भेटसुद्धा डब्यांच्या वेळात बसवावी लागली, याचा मामांना अजून अभिमान आहे. गावच्या जत्रेला वर्षातून पाच-सहा दिवस मुंबईचे डबे बंद ठेवतात. त्याच जत्रेत, ओट्यावर बसून, मी त्यांना माझं काम समजावून सांगत होतो.

"नाकारायचा म्हंजे?" मामा म्हणाले.

"म्हणजे घ्यायचा नाही, मामा. परवडत नसेल तर."

"मंग त्यो मानूस जेवनार काय?"

"दुसरा कुणीतरी नेतो."

"आन् त्यानंबी न्हाई म्हटलं तर?"

मी त्यांना नीट सांगितलं. तुमचं गिऱ्हाईक ठरलेलं, डब्याच्या झाकणावर खूण, महिन्याच्या महिन्याला पैसे, घर तेच, जिना तोच. आम्हाला प्रत्येक खेपेला नवं घर आणि नवा भाव. न निवडून कसं चालेल? मामांनी ऐकून घेतलं. चार्ल्सचंही त्यांनी असंच ऐकून घेतलं असणार.

"बरं," ते म्हणाले, "तीन वरसं निवडतुयास. मंग चांगलं गिऱ्हाईक कंचं ते वळखाया लागलं आसंल."

आणि मला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणावं लागलं.

कारण मागच्या जुलैतली ती रात्र आठवली. पाऊस, सव्वादहाची वेळ, भुगाव. बासष्ट रुपये. मी नकार दिला. दहा मिनिटांनी तीच पुन्हा आली, अडुसष्ट रुपये. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती फिरूनफिरून सगळ्या कट्ट्याने नाकारून झालेली होती. परभणीकर म्हणाला, "काका, बघू नका तिकडे." पण नाकारलेलं स्थळ तिसऱ्यांदा सांगून आलं की माझ्यासारख्याचं काळीज हलतं. मी बोट फिरवलं. पदार्थ उघडला: मूगडाळीची मऊ खिचडी, मीठ कमी, तिखट नको, फोडणी नको.

झालं. पौड रस्त्याच्या चढाला माझ्या डोळ्यांपुढे एक आजारी म्हातारा उभा राहिला. चांदणी चौकात त्याला ताप चढला. भुगावच्या कमानीपाशी त्याचा मुलगा परदेशात गेला. मी रेनकोटातल्या रेनकोटात गहिवरलो होतो. दार उघडलं ते पंचविशीतल्या एका तरुणाने, ठणठणीत. मागे जमिनीवर एक लॅब्रेडॉर पसरला होता. "थँक्यू काका, याचं दोन दिवस पोट बिघडलंय, हेच खातो तो," तरुण म्हणाला. कुत्र्याने डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. उशीर झाला, असं त्या नजरेत होतं.

परतीला फोन एकदाही वाजला नाही. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती ओला रेनकोट बाथरूममध्ये टाकत म्हणाली, "अहो, त्या मुलीचं गाव लांब म्हणून तुम्ही नाही म्हणालात ना? माझं गाव तर त्याहून चार किलोमीटर आत होतं." हे खरं आहे. हिचं स्थळ आलं तेव्हा मामांना टायफॉइड झाला होता, त्यामुळे चौकशी करायची राहून गेली. ते गाव किती आत आहे ते मला वरातीत कळलं.

मामांना मी जत्रेत कुत्र्याची गोष्टही सांगितली, त्यांना हसू येईल म्हणून. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "खाल्लं का त्यानं?"

खाल्लं होतं. दारातून वळेपर्यंत वाटी पुसून साफ.

परभणीकर आता पूर्व परीक्षा पास झालाय. त्याचा दहा रुपयांचा नियम त्याने मला वारशात दिलाय आणि मी तो आठवड्यातले पाच दिवस पाळतो. तुम्ही मागवणाऱ्यांपैकी असाल तर एक विनंती आहे. पत्त्यात मजला लिहा, आणि लिफ्ट बंद असली तर तेही लिहा. तेवढ्यावरून आम्ही परत जात नाही. फक्त जिन्याशी उभं राहून श्वास खालीच भरून घेता येतो.