सर, हजेरी कधी?

पहिलीच्या पोरांना शिकवायचं तर डी.एड. लागतं, एम.ए.च्या पोरांसाठी नेट-सेटला नीट पर्याय निवडले की भागतं. ही विसंगती दिल्लीलाही खुपली असावी. १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं आणि पुढच्याच वर्षी प्राध्यापकांना शिकवायला शिकवणारी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. नंतर त्यांची एचआरडीसी झाली, आता मालवीय मिशन केंद्रं. स्टाफरूममधला प्रश्न मात्र तोच: "ओरिएंटेशन झालं का?" ते नसेल तर स्थाननिश्चिती अडते, आणि ती अडली की पगारवाढ. आम्हाला ज्ञानाची ओढ लागते ती इथून.

मीही चार आठवड्यांसाठी कार्यमुक्त होऊन गेलो आणि दुसऱ्याच दिवशी मागचा बाक धरला. समोर एक ज्येष्ठ साधनव्यक्ती 'व्याख्यानपद्धती कालबाह्य झाली आहे' या विषयावर सव्वा तास व्याख्यान देत होते, स्लाइडवरची ओळन् ओळ वाचून. शेजारचे रसायनशास्त्रवाले सर मन लावून टिपणं काढत होते. डोकावलो, तर थकबाकीचा हिशेब! मान वर न करता ते पुटपुटले, "हजेरी आत्ता घेतायत की शेवटी?"

हजेरीचा कागद फिरला की वर्गात चैतन्य येई. एकदा समन्वयकांनी डोकी मोजली. सह्या चाळीस, डोकी तेहतीस. सर्वांत अवघडले ते वाणिज्यचे सर. आपल्या कॉलेजात प्रॉक्सी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि इथे त्यांच्या एकट्याच्या हातून तीन सह्या झाल्या होत्या.

मायक्रो-टीचिंगला मी घटती सीमांत उपयोगिता घेतली. मिळाली पाच मिनिटं. भुकेल्या माणसाला पहिला बटाटेवडा अमृत, दुसरा बरा, चौथा शिक्षा, असं रंगात येऊन सांगत होतो. विद्यार्थिनी झालेल्या इतिहासाच्या मॅडमनी हात वर केला, "सर, सोबत चटणी आहे का?" मग तळलेली मिरची निघाली, कर्जतचा वडा निघाला. सिद्धान्त राहिलाच. निरीक्षकांचा शेरा: 'वर्गाचा सहभाग उत्कृष्ट.'

'अ' श्रेणी घेऊन कॉलेजात परतलो. पहिल्याच तासाला मागून आवाज आला, "सर, हजेरी आत्ता घेताय की शेवटी?"

दुखणं ओळखीचं होतं. आधीच घेतली. निम्मा वर्ग उठून गेला. उरलेल्यांना बटाटेवड्याचं उदाहरण दिलं, तर तेही कँटीनला गेले.