साहेबाच्या वर्गात आपले मास्तर

मेकॉले या इंग्रज साहेबाने १८३५ साली आपल्याला शहाणं करण्यासाठी शिक्षणावरचं टिपण लिहिलं. आता इंग्लंडलाच गणित-विज्ञान शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा २०२३ मध्ये भारतीय शिक्षकांना तिथल्या पात्रता-प्रमाणपत्रासाठी अर्ज करायची दारं उघडली. काळाने उगवलेला सूडच म्हणा ना!

मतदारयाद्या, जनगणना आणि खिचडीचा हिशेब, सगळ्यांतून सुटलो, या आनंदात मास्तर विमानात बसतात. लेस्टरला पोचल्यावर मधल्या सुट्टीत भुरभुर पावसात कानटोपी घालून मैदानावर पहारा देतात. गावी नुसते डोळे वटारले की वर्ग चिडीचूप व्हायचा. इथे तेरा वर्षांचं कार्टं जांभई देत सांगतं, "सर, बोअर होतंय." कान पिळायची सोय नाही. शिक्षा एकच, डिटेन्शन. शाळा सुटल्यावर पोराला बसवून ठेवायचं आणि राखण करायला आपणही बसायचं. गुन्हा एकाचा, कैद दोघांना. शिवाय आधी पोराच्या आईला नम्रपणे कळवायचं, ते वेगळंच.

प्रगतिपुस्तकात 'मठ्ठ' लिहिता येत नाही. 'क्षमता अफाट, अजून पुरती प्रकट व्हायची आहे' असं लिहावं लागतं. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड खात्याचे तपासनीस येणार म्हटलं की मुख्याध्यापकांचा चेहरा मात्र थेट आपल्याकडच्यासारखाच पडतो. फक्त कांदेपोहे नसतात.

रविवारी काकांचा फोन येतो, "काय रे, पगार पाऊंडात ना?"

"हो काका. भाडंही पाऊंडातच."