पाठिंबाच म्हणायचा!

17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे निवर्तले, मुंबई बंद झाली, आणि हा बंद आदरापोटी की धास्तीपोटी, ही जी शंका शिवसेनेच्या प्रत्येक बंदात दुकानदार फळ्यांबरोबरच मिटून घेत आला होता, ती तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरातील एका तरुणीने फेसबुकावर उघड मांडली. तिचा निवाडा सरकारदरबारी अपूर्व तत्परतेने झाला: ती आणि मजकूर पसंत करणारी तिची मैत्रीण अटकेत गेल्या, नातलगाचा दवाखाना फोडला गेला (अर्थात प्रेमातिशयानेच), आणि ज्याखाली ही अटक झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द करीपर्यंत 2015 साल उजाडले. शहापूर-मुरबाडच्या पेठेतील शेटजींस हाच सवाल करावा, तर ते आधी रस्त्याकडे एकवार पाहून, मग "पाठिंबाच म्हणायचा" असे अदबीने सांगतात. मात्र ज्या शहापूर तालुक्यातील तानसा-भातसाच्या पाण्यावर मुंबई जगते, तेथील पाड्यांवर वैशाखात टँकरची प्रतीक्षा करणाऱ्या बायाबापड्यांना मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत मतच नसल्यामुळे, त्यांना भिवविण्याची तसदीसुद्धा कोणी घेत नाही.